मोर्स कोड कानाला कसा शिकवायचा

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौसेखातर बिनतारी संदेश पाठवणाऱ्यांच्या, परवान्याची परीक्षा द्यायचं ठरवलं, तेव्हा मोर्स ही छोट्या-मोठ्या ठोक्यांची सांकेतिक लिपी शिकायला मी स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. पडद्याच्या डाव्या बाजूला ए ते झेड असा तक्ता, प्रत्येक अक्षरापुढे टिंबं आणि रेघा. उजव्या बाजूला प्रश्न: ‘क्यू’ कसा लिहितात? आठवडाभरात सव्वीस अक्षरं आणि दहा आकडे तोंडपाठ झाले. त्या रात्री मोठ्या हौसेने रेडिओ लावला, मोर्स चालू असलेली जागा शोधली आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले. अर्ध्या तासाने कागदावर चार-पाच ‘ई’ आणि ‘टी’ होते. बाकी कागद कोरा.

पाठांतर पक्कं होतं, तरी हे असं का झालं? तो तक्ता डोळ्यांसाठी होता आणि मोर्स ऐकायचा असतो. आवाज आला की मी आधी त्यातले छोटे-मोठे ठोके मोजत होते, मग मनात टिंबं आणि रेघा काढत होते, मग तक्त्यात ते चित्र शोधत होते आणि मग कुठे अक्षर सापडत होतं. मला द्यायची होती त्या ‘जनरल ग्रेड’ परीक्षेचा वेग होता मिनिटाला ८ शब्द, म्हणजे साधारण ४० अक्षरं. एका अक्षराच्या वाट्याला दीड सेकंद येतो आणि त्यातला बराचसा ते अक्षर वाजण्यातच जातो. माझी शोधाशोध संपायच्या आत पुढचं अक्षर निम्मं होऊन गेलेलं असायचं. रेडिओवरची माणसं तर याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने बोलत होती.

तबला शिकणाऱ्या मुलाला ‘तिरकिट’ कानावर पडलं की तो त्यातले चार आघात मोजत बसत नाही. ‘तिरकिट’ हा त्याच्यासाठी एकच तुकडा असतो. भुजंगप्रयाताची ओळ कानावर पडली की चाल लगेच ओळखू येते, लगक्रम मांडायची वेळ शाळेच्या पेपरातच येते. मोर्सचं अक्षर हा असाच एक बोल आहे. ‘के’ म्हणजे रेघ-टिंब-रेघ हे डोळ्याचं ज्ञान झालं. कानासाठी ‘के’ म्हणजे ‘डाडिडा’, एका दमात. हा बोल ऐकताक्षणी हाताने ‘के’ लिहावा, मध्ये विचाराला जागाच राहू नये, ही सवय लावणं हे मोर्स शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम. त्यातला प्रत्येक निर्णय याच कसोटीवर घासून पाहावा लागतो.

आधी हिशोब बघू, कारण सगळा खेळ वेळेचा आहे. आपल्याकडे मात्रा हा शब्द आयता आहे, तोच वापरते. ‘डि’ एक मात्रेचा, ‘डा’ तीन मात्रांचा. एकाच अक्षरातल्या दोन ठोक्यांमध्ये एक मात्रा शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रा, दोन शब्दांमध्ये सात. शांततेलाही इथे अर्थ आहे. ‘डि’ आणि ‘डा’ यांच्यात एक मात्रा सोडली तर ते ‘ए’ होतं, तीन सोडल्या तर ‘ई’ आणि ‘टी’ अशी दोन अक्षरं होतात. आवाज तेच, फरक फक्त मधल्या रिकाम्या जागेचा.

२४ मे १८४४ ला वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला सॅम्युएल मोर्सने प्रसिद्ध संदेश पाठवला, तेव्हाचा कोड आजच्यासारखा नव्हता. त्या अमेरिकन कोडमध्ये ‘सी’, ‘ओ’, ‘आर’ अशा काही अक्षरांच्या पोटातच जास्तीची मोकळी जागा असे. हॅम्बुर्गच्या फ्रीडरिश गेर्केने १८४८ मध्ये तो बदलून सुटसुटीत केला आणि १८६५ मध्ये थोड्या फेरफारांसह तोच आंतरराष्ट्रीय झाला. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने गेर्केचे आभारच मानायला हवेत. त्याच्यामुळे शांततेच्या फक्त तीन लांब्या सांभाळाव्या लागतात.

वेग मोजायला ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण धरतात. त्याची रोमन पाच अक्षरं आणि नंतरची शब्दाची मोकळी जागा मिळून बरोबर ५० मात्रा होतात. म्हणून एका मात्रेचे मिलिसेकंद हवे असतील तर १२०० ला शब्दांच्या वेगाने भागायचं. मिनिटाला ८ शब्द असतील तर मात्रा १५० मिलिसेकंदांची, २० शब्द असतील तर ६० मिलिसेकंदांची.

नवशिक्याला सावकाश ऐकवावं हे कुणालाही साहजिक वाटेल, मलाही वाटलं होतं. पण ८ च्या वेगाने ‘क्यू’ वाजवला, डा डा डि डा, तर तो जवळजवळ दोन सेकंद चालतो. तेवढ्या वेळात मन गप्प बसत नाही. ते ठोके मोजायला लागतं. हळू वेगाने शिकलेला माणूस मोजण्यात पटाईत होतो, आणि मिनिटाला दहाएक शब्दांच्या आसपास त्याची गाडी अडते, कारण त्यापुढे मोजणं अशक्य असतं. मग त्याला सगळी अक्षरं नव्याने शिकावी लागतात. २० च्या वेगाने तोच ‘क्यू’ पाऊण सेकंदात संपतो. मोजायला सवडच मिळत नाही, तो तुकडा म्हणूनच कानात शिरतो.

मग नवशिक्याला उसंत कुठून द्यायची? अक्षरांच्या मधून. अक्षर पुरं २० च्या वेगाने वाजवायचं, पण दोन अक्षरांमधली शांतता ताणायची. अमेरिकेतल्या फार्न्सवर्थ नावाच्या हॅमवरून या पद्धतीला नाव पडलं आहे. हिशोब असा करतात. एकूण वेग ८ हवा असेल तर ‘पॅरिस’ला साडेसात सेकंद मिळाले पाहिजेत. त्याच्या ५० मात्रांपैकी ३१ अक्षरांच्या आत आहेत आणि १९ अक्षरांच्या व शब्दांच्या मधल्या शांततेच्या. ३१ मात्रा २० च्या वेगाने वाजवल्या की १.८६ सेकंद खर्च झाले. उरलेले ५.६४ सेकंद १९ मात्रांत वाटले की दोन अक्षरांमधली जागा येते ०.८९ सेकंद, आणि दोन शब्दांमधली दोन सेकंदांहून थोडी जास्त. एरवी २० च्या वेगात अक्षरांमधली जागा ०.१८ सेकंदच असते. म्हणजे शिकणाऱ्याला पाचपट उसंत मिळाली आणि अक्षराचा बोल जसाच्या तसा राहिला. पुढे सराव वाढेल तसा हा ताण सॉफ्टवेअरने हळूहळू काढून घ्यायचा. वेगासाठी दोन वेगळे आकडे लागतात, अक्षराचा आणि एकूण. पडद्यावर वेगाची एकच पट्टी दिसली की मला काळजी वाटते.

दुसरा प्रश्न, किती अक्षरं एकदम द्यायची. याचं उत्तर १९३० च्या दशकात लुडविग कोख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दिलं. त्याने सुरुवात केली फक्त दोन अक्षरांनी, तीही पहिल्यापासून पुऱ्या वेगात. ती शंभरात नव्वद वेळा बरोबर यायला लागली की तिसरं अक्षर, पुन्हा नव्वद, मग चौथं. आज या पद्धतीचे बरेच प्रोग्राम ‘के’ आणि ‘एम’पासून सुरू होतात: डाडिडा आणि डाडा. मी जुना प्रोग्राम मोडून हा क्रम घातला आणि पहिल्या संध्याकाळीच मला दोन अक्षरं पुऱ्या वेगात ओळखता आली. दोनच अक्षरं, पण खरीखुरी, रेडिओवर जशी येतात तशी. शिकणाऱ्याला असा भरवसा पहिल्याच दिवशी मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि तक्त्याने तो मला आठवडाभरात दिला नव्हता.

सुरुवातीला अक्षरं पाच-पाचच्या गटात, कशीही मिसळून द्यावीत. शब्द दिले तर मेंदू अंदाज बांधतो. पण निव्वळ मिसळलेल्या अक्षरांचा लवकरच कंटाळा येतो. एका प्रचलित क्रमात पहिली सहा अक्षरं ‘के, एम, आर, एस, यू, ए’ अशी आहेत. ती कागदावर लिहून बघत होते तेव्हा लक्षात आलं, आपण फोनवर रोमन लिपीत मराठी लिहितो तशी या सहांत राम, काम, रस, मका, सुर, मासा एवढे शब्द बसतात. इंग्रजी शब्दांच्या यादीपेक्षा या यादीने माझा सराव कितीतरी जास्त टिकला. ‘मका’ कानात पुरा उतरला तेव्हा त्याची अक्षरं आठवावी लागली नाहीत, थेट कणीस डोळ्यांसमोर आलं. मराठी माणसांसाठी कुणी असं सॉफ्टवेअर करणार असेल तर ही यादी त्यात जरूर घालावी.

अक्षरं वाढली की काही जोड्या छळायला लागतात. ‘एच’ म्हणजे चार डि आणि ५ चा आकडा म्हणजे पाच डि. २० च्या वेगात पहिला ४२० मिलिसेकंदांचा, दुसरा ५४० चा. ‘व्ही’ डिडिडिडा, ४ चा आकडा डिडिडिडिडा. १९५७ मध्ये अर्न्स्ट रॉथकॉफ या संशोधकाने मोर्सचा गंध नसलेल्या ५९८ जणांना ३६ खुणांच्या जोड्या ऐकवल्या आणि दोन्ही सारख्या वाटतात की वेगळ्या, एवढंच विचारलं. त्या उत्तरांवरून पुढे दिसलं की कान मुख्यतः दोन गोष्टी पाहतो: एकूण ठोके किती, आणि त्यात डि जास्त की डा. म्हणजे कुठली अक्षरं एकमेकांत मिसळणार हे बरंचसं आधीच ठाऊक असतं. पण प्रत्येकाचा कान वेगळा असतो, म्हणून सॉफ्टवेअरने शिकणाऱ्याची स्वतःची वही ठेवावी. ‘बी’ वाजवला तेव्हा त्याने किती वेळा ‘डी’ लिहिलं, किती वेळा ६ लिहिला. मग पुढच्या फेरीत चुकणारी अक्षरं नुसती जास्त वेळा देऊन भागत नाही. ज्या दोघांत घोटाळा होतो ती दोघं शेजारी-शेजारी ऐकवली की फरक कानाला लागतो.

बरोबर उत्तरांतही एक भेद करायला हवा. ‘एल’ वाजून गेल्यावर अर्ध्या सेकंदात दाबला तर तो ओळखला. दोन सेकंदांनी दाबला तर तो शोधून काढला, तक्ता अजून डोक्यात आहे. उत्तराला लागलेला वेळ नोंदवायला चार ओळींचा कोड पुरतो, आणि कुठलं अक्षर कच्चं आहे हे त्यातून सगळ्यात आधी कळतं. माझ्या प्रोग्राममध्ये उशिरा आलेलं बरोबर उत्तर कच्च्या खात्यात जातं.

आणि चुकलं की लगेच लाल फुली किंवा ‘टँऽव’ असा आवाज नको. एक अक्षर हुकलं की मन तिथेच रेंगाळतं आणि पुढची तीन हुकतात. हुकलेलं सोडून द्यायचं, कागदावर टिंब ठेवायचं आणि पुढचं ऐकायचं, हाही शिकण्याचाच भाग आहे. चुका गट संपल्यावर दाखवाव्यात.

आता आवाज. इथे माझे सर्वांत जास्त दिवस गेले. मी पहिल्यांदा ६५० हर्ट्झचा साधा सूर घेतला आणि तो नुसता चालू-बंद केला. ऐकताना प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी कानाला बारीक काटा टोचल्यासारखं व्हायचं. सूर एकदम सुरू झाला किंवा एकदम तुटला की त्याबरोबर इतर अनेक कंपनं उसळतात, तोच हा काटा. उपाय सोपा आहे. सूर पाचेक मिलिसेकंदांत गोलाईने चढवायचा आणि तसाच उतरवायचा. ६० मिलिसेकंदांच्या ‘डि’मध्ये एवढा उतार कळत नाही, पण अर्धा तास ऐकून कान दुखायचे ते थांबतं.

दुसरी अडचण ब्राउझरची. ‘६० मिलिसेकंदांनी बंद कर’ अशी साधी सूचना जावास्क्रिप्टच्या घड्याळाला दिली तर ते कधी ६४ ला बंद करतं, कधी ७५ ला. दुसऱ्या टॅबवर गेलात तर ते घड्याळ आणखीच आळसावतं. तबलजीची लय हलली तर गायकाची जी अवस्था होते, तीच इथे शिकणाऱ्याची होते, आणि त्याला वाटतं आपलाच कान कच्चा. ब्राउझरमध्येच आवाजासाठी असलेल्या वेब ऑडिओ या सोयीला स्वतःचं वेगळं, अचूक घड्याळ असतं. पूर्ण गटातला प्रत्येक ठोका कधी सुरू, कधी बंद, हे त्या घड्याळावर आधीच मांडून ठेवायचं. मग बाकी संगणक कितीही गडबडला तरी मात्रा हलत नाहीत.

आवाजाचा खरा धडा मला शेजारच्या काकांनी दिला. ते तारखात्यातून निवृत्त झालेले. आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण त्यांचा हात त्याच्या कितीतरी आधीपासून या कामात. मी कौतुकाने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “पोरी, ही शिट्टी आहे. आमचं यंत्र शिट्टी मारत नव्हतं. कट्ट म्हणायचं.”

तारऑफिसातल्या साउंडरमध्ये, म्हणजे आलेली तार ऐकवणाऱ्या यंत्रात, सूर नसतोच. लोखंडी दांडी खाली आपटते तो एक कट्ट, वर आपटते तो दुसरा, आणि दोघांच्या आवाजात किंचित फरक. दोन कट्टांमधला वेळ कमी असेल तर डि, जास्त असेल तर डा. काकांचा कान त्या मधल्या वेळावर तयार झालेला, सुरावर नाही. मी चमचा आणि स्टीलच्या डब्यावर दोन आवाज रेकॉर्ड केले आणि सुराच्या जागी बसवले. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा लावलं. काकांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने ते सलग लिहून दिलं, एकही अक्षर न चुकता. तेव्हापासून माझ्या प्रोग्राममध्ये सूर निवडता येतो, त्याची पट्टी बदलता येते आणि ‘कडकट्ट’ नावाचा एक पर्यायही आहे. कान ज्या आवाजावर तयार होतो, त्याच आवाजात तो पटकन ऐकतो. म्हणून सरावाचा सूर मधूनमधून बदलत राहावा, थोडी खरखरही मिसळावी, नाहीतर माणूस मोर्सऐवजी आपल्या लॅपटॉपचा मोर्स शिकतो.

पाठवायला शिकवणं त्या मानाने सरळ आहे. ठोके पाठवायची कळ किती वेळ दाबली ते मोजायचं. दोन मात्रांपेक्षा कमी असेल तर डि, जास्त तर डा. शांततेतही तसंच: दोन मात्रांपर्यंत तेच अक्षर, पाचपर्यंत नवं अक्षर, त्यापुढे नवा शब्द. माणसाची मात्रा स्थिर नसते, म्हणून शेवटच्या काही ठोक्यांवरून ती पुन्हा-पुन्हा काढायची. फक्त फार उदार होऊ नये. वाकडंतिकडं पाठवलेलंही सॉफ्टवेअर समजून घेत राहिलं तर शिकणाऱ्याला आपला हात वाकडा आहे हे कळतच नाही, आणि रेडिओच्या पलीकडच्या माणसाला मात्र ते उमगत नाही. आणखी एक, बिनतारी हेडफोन या कामाला चालत नाहीत. त्यांत आवाज शंभर मिलिसेकंदांहून जास्त उशिरा पोचू शकतो, म्हणजे २० च्या वेगात दीड-दोन मात्रा. हात एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. हे सॉफ्टवेअरने आधीच स्पष्ट सांगावं.

तक्ता आणि चित्रं वाईटच, असं मात्र कुणी समजू नये. २०१८ मध्ये गूगलने आपल्या फोनच्या कीबोर्डमध्ये मोर्स आणला. त्यात तानिया फिनलेसन यांचा मोठा वाटा होता. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे आणि डोक्याच्या हालचालीने बटणं दाबून त्या मोर्समधून बोलतात. ज्याला दोनच बटणांवर सगळं लिहायचं आहे, त्याला मोर्स ऐकून समजून घ्यायचा नसतो. अक्षर त्याच्या मनात आधीच असतं, त्याचे ठोके आठवायचे असतात, तेही स्वतःच्या सवडीने. त्या शिकणाऱ्याला अक्षराच्या आकारात दडवलेल्या टिंबं-रेघांची चित्रं खरंच उपयोगी पडतात, आणि गूगलने सोबत दिलेला शिकवणीचा खेळ तशाच चित्रांवर उभा आहे. शिकणारा कोण आहे आणि त्याला ऐकायचं आहे की लिहायचं, हे विचारल्याशिवाय पहिला पडदाही काढू नये.

इंडियाना विद्यापीठातल्या ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारमास्तरांच्या शिकण्याचे आलेख काढले. पाठवण्याचा वेग सरळ वाढत जाई, ऐकून लिहून घेण्याचा वेग मध्येच सपाट होई आणि मग पुन्हा चढे. त्यांच्या मते त्या सपाट काळात अक्षरांची सवय मुरून शब्दांची सवय बनत असते. १९५८ मध्ये फ्रेड केलर यांनी असा सपाट टप्पा यायलाच हवा का, यावर शंका घेतली, पण आपण अडकलोय असं वाटण्याचा काळ मी स्वतः काढला आहे आणि तेव्हा वेगाचा एकच आकडा रोज समोर आला की हात खचतात. म्हणून मी तो मोठा आकडा काढून टाकला. त्याऐवजी आज कुठलं अक्षर कच्च्यातून पक्क्यात गेलं, हे दाखवते. वेग सपाट असला तरी ही यादी सहसा हलत असते.

एक गोष्ट अजून माझ्या हाती पुरती आलेली नाही. काका लिहीत होते तेव्हा मी त्यांची पेन्सिल बघत होते. यंत्रावर तिसरा शब्द वाजत होता आणि पेन्सिल पहिल्यावर होती. मधले दोन शब्द ते नुसते धरून बसले होते, न घाबरता. मी विचारलं, “काका, मागे राहून विसरायला होत नाही?” ते म्हणाले, “मागे राहिलं नाही तर शब्द दिसणार कसा? अक्षरंच दिसतील.” ब्रायन आणि हार्टर यांनीही मुरलेल्या तारमास्तरांत हीच सवय पाहिली होती. पण प्रोग्राम तर प्रत्येक अक्षराला लगेच उत्तर मागतो, म्हणजे या सवयीच्या बरोबर उलट वळण लावतो. गेला महिनाभर मी एक प्रयोग करते आहे. पक्क्या अक्षरांच्या सरावात उत्तराची चौकट आधी बंद असते. तीन अक्षरं वाजून झाली की ती उघडते, पुढच्या आठवड्यात चार झाल्यावर, मग पूर्ण शब्द झाल्यावर. काल ‘मसाला’ पुरा वाजेपर्यंत ती उघडली नाही, आणि उघडली तेव्हा शब्द माझ्याकडे होता.